एका कडव्यात एक कान

चहाच्या किटलीला कान लावायला नेमका किती वेळ लागतो, हा प्रश्न जगात फार थोड्या लोकांना पडतो. ज्यांना पडत नाही ते सुखानं चहा पितात. इंग्लंडातल्या बर्स्लेमच्या सिरिल कार्टलिजला तो एकोणीसशे चौपन्न सालच्या मार्चमध्ये, एका सोमवारी सकाळी सव्वानऊ वाजता पडला. पडला म्हणजे चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्याचे मॅनेजर हॉलिन्ससाहेब यांनी तो त्याच्या अंगावर टाकला. कॅनडाला वीस हजार किटल्या जायच्या होत्या, नवीन घाटाच्या, गोल पोटाच्या. किटलीमागे किती वेळ लागतो हे कळल्याशिवाय किंमत सांगता येत नव्हती, आणि तीन आठवड्यांत किंमत सांगितली नाही तर कॅनडावाले दुसऱ्या कुणाच्या किटलीतून चहा पिणार होते.

बाकीची कामं सोपी होती. घोडं अडलं होतं ते कानापाशी.

सिरिल हा मँचेस्टरला सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम करून आलेला कार्यमापन अधिकारी. त्याच्याकडे एक लाकडी पाटी होती, पाटीला चापानं बसवलेलं स्टॉपवॉच होतं, आणि 'कामगाराशी सौजन्यानं पण ठामपणे वागावं' असं छापलेलं पुस्तक होतं. सौजन्य त्याच्यापाशी पुष्कळ होतं. ठामपणा पुस्तकातच राहिला होता. मँचेस्टरहून आल्या आल्या त्यानं प्रयोग म्हणून विनीच्या, म्हणजे बायकोच्या, बटाटे सोलण्याचा वेळ मोजला होता. विनीनं चौथ्या बटाट्यानंतर हात पुसले, स्टॉपवॉच घेतलं आणि पिठाच्या डब्यात तळाशी ठेवून दिलं. त्या घरात पुन्हा कार्यमापन झालं नाही. तीन महिने घड्याळातून पीठ मात्र झडत होतं.

कान लावायच्या खात्यात बारा बायका होत्या आणि त्यांची म्होरकी फ्लॉरी शेरॅट. वय अठ्ठावन्न, दंड नांगऱ्यासारखे, आणि आवाज असा खर्जातला की खालच्या चॅपलमध्ये तिनं 'आमेन' म्हटलं की खिडक्यांची तावदानंही ते म्हणत. सिरिलही त्याच चॅपलच्या गायकवृंदात होता आणि विनी तिथं एकोणीस वर्षं ऑर्गन वाजवत होती. फ्लॉरीबाई रविवारी सिरिलच्या बरोबर मागच्या बाकावर उभ्या राहत. एरवी त्या त्याला बदका म्हणत. बर्स्लेमच्या म्हाताऱ्या बायका ज्याच्यावर जीव असतो त्याला बदकच म्हणतात. त्या सोमवारी सिरिल पाटी घेऊन पुढ्यात उभा राहिला, तेव्हा त्यांनी त्याला मिस्टर कार्टलिज म्हटलं. शहाण्या माणसानं तिथंच ओळखलं असतं.

या बायका काम करताना गात असत, आणि गात ती चॅपलचीच गीतं. सिरिलनं घड्याळाचा खटका दाबला. फ्लॉरीबाईंनी घसा साफ केला आणि अंत्ययात्रेचं गीत धरलं. बाकीच्या अकराजणींनी ते उचललं. त्या गीताच्या चालीवर फ्लॉरीबाईंनी एक कान उचलला, किटलीच्या पोटावर दोन जागी ओरखडे काढले, पातळ मातीचा लेप लावला, कान टेकवला, दाबला, धरून ठेवला, स्पंजानं पुसला. एकही हालचाल फुकट नव्हती. पुस्तकात ज्याला आळस म्हटलं होतं त्याचा मागमूस नव्हता. फक्त सगळं काम खांद्यावर शवपेटी असल्यासारखं चाललं होतं. कान लागला तेव्हा घड्याळात एकाहत्तर सेकंद झाले होते.

सिरिलनं दहा कान मोजले. दहाही एकाहत्तरच्या आसपास. कॅनडापर्यंत ही अंत्ययात्रा पोचायला पुढचा हिवाळा उजाडला असता. त्यानं सौजन्यानं विचारलं, की दुसरं एखादं गीत म्हणता येईल का.

"घड्याळ दिसलं की मला मरण आठवतं, मिस्टर कार्टलिज," फ्लॉरीबाई म्हणाल्या. "त्याला मी काय करणार?"

संध्याकाळी ही हकिकत शेजारच्या ब्लूर म्हाताऱ्यानं भिंतीवरून ऐकून घेतली. ब्लूर चाळीस वर्षं रेल्वेत गार्ड होता. शिट्टी फुंकणं आणि गाडीची वेळ पाहणं यापलीकडे माणसाला जगात काही करण्यासारखं आहे असं त्याला वाटत नसे. उरलेला वेळ तो परसात कांद्याची पात वाढवी. त्याचं म्हणणं पडलं की दोष घड्याळाचा नाही, घड्याळ दिसण्याचा आहे. त्यानं आतून रेल्वेचं एक जाडजूड जुनं वेळापत्रक आणलं, वस्तऱ्यानं त्याच्या पोटात चौकोनी भोक पाडलं आणि म्हणाला, यात घाल घड्याळ आणि वाचत उभा राहा. किटल्यांच्या कारखान्यात माणूस रेल्वेचं वेळापत्रक का वाचत उभा राहील, हा विचार दोघांच्याही मनात आला नाही. माणूस शेजाऱ्याचा सल्ला घेतो तेव्हा स्वतःचं डोकं भिंतीच्या अलीकडे ठेवून जातो.

दुसऱ्या दिवशी सिरिल खिडकीशी उभा राहून वाचू लागला. बायकांनी दोन कडवी म्हटली आणि फ्लॉरीबाईंनी हात वर केला. सगळं खातं गप्प झालं. त्या शांततेत वेळापत्रक टिकटिकत होतं.

"मिस्टर कार्टलिज," फ्लॉरीबाई काळजीनं म्हणाल्या, "तुमच्या पुस्तकाला धडधड होतेय. डॉक्टरला दाखवा."

त्या दिवशी सिरिल जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये गेला नाही. पॅकिंग खात्यात गवताच्या भाऱ्यावर बसून त्यानं चीज-पाव खाल्ला. आपण या गावचे, या चॅपलचे, कुणाचं वाईट चिंतलं नाही, वेळ कमी लावून बायकांची मजुरी कापायची असं तर मनातही नाही; खरा आकडा हवा, एवढंच. आणि खरा आकडाच कुणी देईना. भिंतीपलीकडून गाणं ऐकू येत होतं. आता घड्याळ समोर नव्हतं, म्हणून बायकांनी कापणीच्या सणाचं गीत लावलं होतं, चांगलं ठसक्यात. सिरिल नकळत पायानं ठेका धरून खालच्या पट्टीत गुणगुणू लागला. आणि मग त्याचा पाय थांबला.

हे गीत तो लहानपणापासून गात आला होता. त्याचं एक कडवं किती वेळात होतं ते त्याला हाडामासात ठाऊक होतं. मग घड्याळ हवंच कशाला?

पुढचे दोन दिवस सिरिल कान लावायच्या खात्यात रिकाम्या हातांनी येत-जात राहिला. एकदा हरवलेली पेन्सिल शोधायला, एकदा खिडकीची कडी पाहायला, एकदा उगीच. प्रत्येक वेळी उत्तर एकच: एका कडव्यात एक कान. मग घरी जाऊन त्यानं विनीला पियानोवर कापणीच्या सणाचं गीत वाजवायला सांगितलं, आणि पुन्हा सांगितलं, आणि पुन्हा. विनीला आधी बरं वाटलं. लग्नाला सतरा वर्षं झाली, पण नवऱ्यानं आपलं वाजवणं असं डोळे मिटून कधी ऐकलं नव्हतं. तिनं अकरा वेळा वाजवलं. अकरा वेळा कडवं पस्तीस सेकंदांत संपलं, ना एक कमी ना एक जास्त. डोळे मिटून ऐकणाऱ्या नवऱ्याच्या खिशात काय आहे हे तिला कळलं नाही, हे त्याचं नशीब. अर्थात नशीब उसनं असतं. परत करावं लागतं.

सिरिलनं अहवाल लिहिला: कान लावण्याचा काळ, पस्तीस सेकंद. सही केली. आता हा माणूस जर थोडा कमी प्रामाणिक असता तर गोष्ट इथंच संपली असती. पण छापील तक्त्यात शेवटी एक रकाना होता, 'मोजण्याची पद्धत', आणि रकाना मोकळा सोडायचा नाही असं मँचेस्टरला शिकवलं होतं. सिरिलनं स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'कापणीच्या सणाचं गीत, खालच्या चॅपलच्या चालीनं, एक कडवं.'

करारानुसार अहवालाची एक प्रत युनियनकडे जात असे. युनियनचा पुढारी ॲल्बर्ट मेचिन, सिरिलच्याच वर्गातला, लहानपणी त्याच्या टोपीत गोगलगाई टाकणारा. आणि ॲल्बर्ट होता वरच्या चॅपलचा.

इथं एवढं सांगायला हवं की वरचं चॅपल आणि खालचं चॅपल यांच्यात दीडशे पावलांचं अंतर होतं आणि ते ऐंशी वर्षांत कुणी चालून गेलं नव्हतं. देव एक, पुस्तक एक, गीतं तीच. वरच्यांचं म्हणणं, खालचे रडतात. खालच्यांचं म्हणणं, वरचे पळतात.

शुक्रवारी मॅनेजरच्या खोलीत संयुक्त समिती बसली. हॉलिन्ससाहेब, त्यांची टाइप करणारी बाई, ॲल्बर्ट आणि सिरिल. हॉलिन्ससाहेब स्वतः राणीच्या चर्चचे, वर्षातून दोनदा जाणारे. त्यांना यातलं काही कळत नव्हतं आणि म्हणून त्यांचा चेहरा फार न्यायाधीशासारखा झाला होता. ॲल्बर्ट उठला. खालच्या चॅपलची चाल हे कसलं माप, असं तो म्हणाला. सिरिलची बायको ऑर्गन वाजवते ती बाजारला गाय ओढून नेल्यासारखी, हे सगळ्या गावाला माहीत आहे. वरच्या चॅपलमध्ये तेच कडवं अठ्ठावीस सेकंदांत उडतं, आणि याला म्हणतात गाणं.

हॉलिन्ससाहेबांनी पेन उचललं. म्हणजे योग्य काळ अठ्ठावीस सेकंदांचा आहे, असं युनियनचं मत समजायचं का?

ॲल्बर्ट उभाच राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून काय काय सरकून गेलं ते सिरिलनं जवळून पाहिलं, आणि त्याला शत्रूची दया आली. एका बाजूला ऐंशी वर्षांचं चॅपल, दुसऱ्या बाजूला बारा बायकांची मजुरी. ॲल्बर्ट पुढारी होता, पण खरा पुढारी होता.

"माझी चूक झाली," तो म्हणाला. "वरच्या चॅपलमध्ये गावात सगळ्यात सावकाश गातात. चाळीस सेकंद. कधी कधी त्याहून जास्त."

टाइप करणाऱ्या बाईंनी ते जसंच्या तसं इतिवृत्तात घेतलं. सहा प्रती निघाल्या.

एक म्हणतो पस्तीस, दुसरा चाळीस. तेव्हा समितीनं असं ठरवलं की रविवारी सकाळी खालच्या चॅपलमध्ये प्रत्यक्ष जाऊन ऐकावं. पाळकसाहेबांना चिठ्ठी गेली. त्यांनी त्याच माणसाबरोबर उलट कळवलं की कापणीचा सण सप्टेंबरात असतो आणि सध्या शेतात पेरणीसुद्धा झालेली नाही. त्यावर हॉलिन्ससाहेबांचं दुसरं पत्र गेलं, ॲल्बर्टचं एक गेलं, आणि शेवटी पाळकसाहेबांनी 'येणाऱ्या पिकाबद्दल आगाऊ आभार' या सदरात एक गीत मंजूर केलं. विनीला हे सगळं कळलं ते पाळकसाहेबांकडून. ती घरी आली, टोपीची पिन काढली, आणि म्हणाली की अकरा वेळा वाजवलं ते यासाठी होतं तर. सिरिल काहीतरी बोलणार होता. तिनं पुढं एवढंच विचारलं की गाय ओढून नेल्यासारखी असं कोण म्हणालं. सिरिलनं नाव सांगितलं. भांडण आपल्यावरून दुसरीकडे वळलं म्हणून त्याला क्षणभर हायसं वाटलं, आणि त्याची त्याला दिवसभर लाज वाटली.

रविवारी चॅपल नाताळला भरत नाही एवढं भरलं. हॉलिन्ससाहेब पहिल्या बाकावर, गुडघ्यावर घड्याळ. ॲल्बर्ट अगदी मागं, दाराशी, एक पाय जवळजवळ बाहेर. विनीनं ऑर्गनवरच्या छोट्या आरशात सगळ्यांना एकदा पाहून घेतलं आणि वाजवायला सुरुवात केली, आपल्या नेहमीच्या, एकोणीस वर्षांच्या, पस्तीस सेकंदांच्या चालीत.

गायकवृंदात फ्लॉरीबाईंसह कान लावणाऱ्या सातजणी होत्या. त्यांनी पहिली ओळ धरली आणि सोडलीच नाही. प्रत्येक शब्द चिंचेच्या बोटुकासारखा चोखून चोखून पुढं. विनीनं आरशात पाहिलं, ओठ मिटले, आणि पायांनी ऑर्गनच्या भात्याचे पट्टे जोरात दाबले. फ्लॉरीबाईंनी छाती भरून घेतली. दुसऱ्या कडव्याला ऑर्गन गायकांच्या एक ओळ पुढं होता, तिसऱ्याला अडीच. मंडळी दोन्हींकडे तोंड फिरवत होती. निम्मे ऑर्गनबरोबर धावले, निम्मे फ्लॉरीबाईंबरोबर मागं राहिले. सिरिलची अवस्था तर विचारू नका. पुढं बायको, पाठीशी फ्लॉरीबाई, आणि हातात पुस्तक. तो एक शब्द विनीबरोबर म्हणे आणि पुढचा फ्लॉरीबाईंबरोबर, आणि त्यातून जे गीत तयार झालं ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. विनीनं शेवटचा सूर वाजवला आणि हात मांडीवर ठेवले. गायकांचं एक अख्खं कडवं शिल्लक होतं. त्यांनी ते बिनसाथीचं, शांतपणे, शेवटच्या अक्षरापर्यंत म्हटलं.

पाळकसाहेब म्हणाले, बसा. आणि स्वतः आधी बसले.

उपासना संपल्यावर विनीनं ऑर्गनची किल्ली पाळकसाहेबांच्या पुढ्यात ठेवली. दुपारी घरी रोस्टऐवजी थंड हॅम होतं, आणि बटाटे सालीसकट उकडलेले.

इतकी वर्षं रविवारी संध्याकाळी विनी घरातल्या पियानोवर थोडंफार वाजवत बसे. त्या दिवशी झाकण बंद राहिलं. ब्लूर म्हाताऱ्यानं भिंतीवरून नवी युक्ती सांगायला तोंड उघडलं, तेव्हा सिरिलनं पहिल्यांदाच त्याला सांगितलं की आज राहू दे. आकडा गेला, कॅनडा गेलं, ते एक वेळ चालेल. पण तो बंद पियानो त्याला सोसवेना.

सोमवारी तो कान लावायच्या खात्यात गेला तेव्हा त्याच्याकडे पाटीही नव्हती आणि वेळापत्रकही नव्हतं. फ्लॉरीबाईंनाही रविवार पचला नसावा. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. सिरिल म्हणाला, मला कान लावायला शिकवा.

आधी त्यांना वाटलं हा नवा डाव असेल. मग त्यांनी त्याचं तोंड नीट पाहिलं, स्वतःचं स्टूल त्याच्याकडे सरकवलं आणि एक जुना एप्रन दिला. पहिला कान त्यानं लावला तो लेपावरून घसरून त्याच्या बुटावर पडला. दुसरा राहिला, पण किटली रुसल्यासारखी दिसायला लागली. तिसरा त्यानं घट्ट दाबून लगेच हात काढला, आणि कान गरीब माणसासारखा मान टाकून खाली आला.

"असा लगेच सोडायचा नाही," फ्लॉरीबाई म्हणाल्या. "कडव्याची शेवटची ओळ होईपर्यंत धरायचा. त्याआधी सोडलास तर पडतो, नंतर सोडलास तर बोटं उमटतात."

सिरिलनं वर पाहिलं. प्रत्येक वेळी, असं त्यानं विचारलं.

"प्रत्येक वेळी. माझ्या आईनं शिकवलं, तिला तिच्या मावशीनं. माती बरोबर सुकलेली असली की कापणीचं गीत. ओली असली की जास्त धरावी लागते, मग अंत्ययात्रेचं. तुला काय वाटलं बदका, आम्ही इथं देवाला जागं ठेवायला गातो?"

सिरिल हातातला कान धरून तसाच बसला. मँचेस्टरच्या पुस्तकात तीनशे पानं होती. त्यातलं सगळं या बायकांना तोंडपाठ होतं, आणि त्यांच्याकडे ते चालीवर होतं. मग त्याला आठवलं, आणि त्यानं विचारलं की पहिल्या सोमवारी, तो घड्याळ घेऊन आला तेव्हा, माती ओली होती काय?

फ्लॉरीबाईंनी स्पंज पिळला. सोमवारी ओलीच असते, त्या म्हणाल्या. कच्चे कान ठेवायची मांडणी अंगणाच्या दारापाशी, शनिवार-रविवार दमट वारा खाते. मग प्रामाणिकपणे भर घातली, की एवढी काही ओली नव्हती. थोडी लबाडी होतीच.

त्या दिवशी सिरिलनं एकेचाळीस कान लावले. सव्वीस पडले. पण विचारत विचारत दुपारपर्यंत त्याला कळलं होतं ते असं: आठवड्यातल्या निम्म्या सकाळी बायका अंत्ययात्रेच्या चालीनं काम करत होत्या, आणि त्याचं कारण घड्याळ नव्हतं, आळस नव्हता, दारातून येणारा वारा होता. मांडणी उचलून वाळवणीच्या खोलीच्या उबदार भिंतीला लावली की झालं. चाळीस पावलं.

चाळीस पावलांसाठी त्याला तीन फॉर्म मिळाले. मांडणी होती घडणखात्याची, भिंत होती वाळवणखात्याची, आणि मधली फरशी कुणाची यावर एकोणीसशे अडतीसपासून पत्रव्यवहार चालू होता. सिरिलनं आयुष्यात प्रथमच फॉर्म घडी करून खिशात घातले. जेवणाच्या सुट्टीत त्यानं आणि चार बायकांनी मांडणीला हात घातला. इतक्यात ॲल्बर्ट आला. बायकांनी ओझं उचलणं नियमात बसत नाही, असं त्यानं सांगितलं. सगळे थांबले. ॲल्बर्टनं कोट काढला, खुंटीला लावला, आणि मांडणीचं दुसरं टोक स्वतः उचललं. "आता बसतं," तो म्हणाला.

आठवडाभर पाऊस होता, तरी आठवडाभर कापणीचं गीत चाललं. पूर्वी भट्टीतून शंभरात सात किटल्या बिनकानाच्या निघत, आता दोन. पुढच्या बुधवारी समिती पुन्हा बसली. काळ ठरला पस्तीस सेकंद, शिवाय श्वास घ्यायला आणि नाक पुसायला सहा. बायकांना हिशेब करून दाखवला, तेव्हा पूर्वीपेक्षा आठवड्याला चार पैसे जास्तच सुटत होते. पद्धतीच्या रकान्यात काय लिहायचं यावर थोडी चर्चा झाली आणि मग हॉलिन्ससाहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं: 'कापणीच्या सणाचं गीत, खालचं चॅपल, वादन मिसेस डब्ल्यू. कार्टलिज.' कॅनडाला तार गेली.

सही करता करता ॲल्बर्टच्या लक्षात आलं की मिसेस कार्टलिज सध्या कुठंच वादन करत नाहीत. म्हणजे करार हवेत लोंबकळतो.

गुरुवारी चहाच्या वेळी फ्लॉरीबाई सहाजणींना घेऊन सिरिलच्या दारात आल्या. हातात फडक्यात बांधलेल्या गरम ओटकेक्स होत्या, ओटच्या पिठाच्या घावनांसारख्या, चीज घालून दुमडलेल्या. विनीनं त्यांना आत घेतलं, पण बसा म्हणाली नाही. कराराशी आपला संबंध नाही, आपण कारखान्यात कामाला नाही, असं तिनं शांतपणे सांगितलं. सिरिल स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. मध्ये पडण्याची हिंमत त्याच्यात नव्हती, आणि या वेळी ते बरंच होतं.

"करार गेला उडत," फ्लॉरीबाई म्हणाल्या. "देवाच्या घरात मी कामावरची भांडणं नेली. एकोणीस वर्षं तू आम्हाला सांभाळून नेलंस विनी, आणि मी तुला भर चॅपलमध्ये एकटी सोडली. मला झोप नाही बघ."

विनीनं ओटकेक्सच्या फडक्याला हात लावून पाहिलं. मग म्हणाली, या गार होतील. आणि कपाटातून नऊ बशा काढल्या. सिरिलनं मोजल्या. नववी त्याची होती.

रविवारी विनी ऑर्गनवर बसली. गीत साधंसुधं, कुणाच्या समितीत नसलेलं. दुसरी घंटा झाली आणि मागचं दार उघडून ॲल्बर्ट मेचिन आत आला, हातात टोपी, आणि दीडशे पावलं चालून आल्यावर माणूस जेवढा थकेल त्याहून पुष्कळ थकलेला. युनियनच्या फळ्यावर समितीचं जुनं इतिवृत्त लागलं होतं. 'वरच्या चॅपलमध्ये गावात सगळ्यात सावकाश गातात', खाली ॲल्बर्टची सही. वरच्या मंडळींनी ते वाचलं होतं आणि गायकवृंदातली त्याची जागा दुसऱ्याला दिली होती. बारा बायकांपैकी पाचजणी त्याच चॅपलच्या. त्यांनी रदबदली केली, पण तिथले वडीलधारे ऐकेनात.

पाळकसाहेबांनी काही विचारलं नाही. खालच्या गायकवृंदाला चांगला खर्जाचा पुरुष पाच वर्षांपासून हवा होता. सिरिल बाकावर थोडा सरकला. ॲल्बर्ट शेजारी येऊन उभा राहिला आणि सिरिलनं आपलं पुस्तक दोघांच्या मध्ये धरलं.

ॲल्बर्टचा आवाज खरोखर चांगला होता. पण आयुष्यभर वरच्या चॅपलमध्ये पळत गायलेला माणूस. इथं आपण पळतोय असं कुणी म्हणू नये या धास्तीनं तो प्रत्येक ओळीला मागं राहू लागला. दोन ओळी विनीनं ते सहन केलं. मग तिनं वाजवणं थांबवलं आणि आरशातून त्याच्याकडे पाहिलं.

"मिस्टर मेचिन," ती म्हणाली, "काम रेंगाळवायचं असेल तर कारखान्यात. इथं माझ्याबरोबर."

फ्लॉरीबाई मागच्या बाकावर खोकल्या. ॲल्बर्ट कानापर्यंत लाल झाला, पुस्तकात पाहू लागला, आणि पुढच्या कडव्याला बरोबर तिच्याबरोबर होता.